कॉलेजचा हिशेब क्विंटलमध्ये करा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव, पीकविमा आणि वीजबिल यांवर बोलणे झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय वेगळा वाटेल, पण पैसा त्याच खिशातून जाणार आहे. पोराला, पोरीला कोणत्या कॉलेजात घालायचे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावात मोटारसायकली येऊ लागतात. व्यापाऱ्याचा माणूस जसा खेडा खरेदीला येतो, तसा हा कॉलेजचा माणूस. हातात रंगीत पुस्तक, पुस्तकावर चार मजली इमारतीचा फोटो आणि तोंडात एकच वाक्य : "काका, दोनच जागा उरल्या आहेत, आज टोकन द्या." कापसाच्या व्यापाऱ्याने असे म्हटले तर तुम्ही त्याला बाजेवर बसवता, चहा पाजता आणि दुसऱ्या दिवशी बाजार समितीत भाव विचारून येता. पोराच्या बाबतीत मात्र त्याच दुपारी पाच हजार काढून देता. पावतीसुद्धा मागत नाही.

आधी पैशाचे पाहू, कारण आपल्या सभेत बाकी सगळे पैशानंतरच येते.

समजा चार एकर कोरडवाहू आहे आणि सगळी पऱ्हाटी लावली. एकरी पाच क्विंटल धरा. बोंडअळी नाही आली, पाऊस वेळेवर पडला, तर वीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आधारभूत भाव जाहीर केला. त्याच २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. तेव्हा तो भाव किती जणांच्या हातात पडला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही पूर्ण भाव मिळाला असे धरून चालू. वीस क्विंटलचे १ लाख ५४ हजार २०० रुपये झाले.

आता कॉलेज. समजा वर्षाची फी ९० हजार. खोली, खानावळ, पुस्तके, गाडीभाडे आणि मोबाइल मिळून ७० हजार. वर्षाला १ लाख ६० हजार, चार वर्षांचे ६ लाख ४० हजार. भागाकार करा : ८३ क्विंटल कापूस. तुमच्या चार एकरांचे चार वर्षांचे एकूण पीक ८० क्विंटल. म्हणजे बियाणे, खत, डवरणी, फवारणी, वेचाई यांवर एक रुपया खर्च केला नाही आणि घरात चार वर्षे कोणी जेवले नाही, तरी तीन क्विंटल कमीच पडतात.

हा आकडा सांगून पोराला शिकवू नका असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, एजंटाचे पुस्तक उघडण्यापूर्वी हा भागाकार घरातल्या सगळ्यांसमोर करा. आईसमोर करा, कारण डोरलं तिचे मोडते. पोरासमोरही करा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला घरचा हिशेब कळतो, आपणच त्याच्यापासून लपवतो. फी नुसती पहिल्या वर्षाची विचारू नका. चारही वर्षांची विचारा, आणि फीशिवाय काय काय घेणार तेही लिहून मागा. परीक्षा, गणवेश, विकास निधी, बस, अनामत या सगळ्यांचे वेगवेगळे खिसे असतात. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. त्याने मंजूर केलेला आकडा जाहीर असतो. कॉलेज सांगते तो आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा.

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडून दिले. त्याआधी पैसेवाल्यांची पोरे डोनेशन भरून कर्नाटकात जात. १९८७ मध्ये राज्याने डोनेशनला बंदी घालणारा कायदा केला. कायदा कागदावर राहिला आणि डोनेशनने नावे बदलली. माझे खासगी कॉलेजांशी वैर नाही. आपण शेतमालाला खुला बाजार मागणारी माणसे आहोत, शिक्षणात दुकान नको असे म्हणणे आपल्याला शोभणार नाही. पण खुल्या बाजारात मालावर भाव लिहिलेला असतो आणि माल उघडून पाहता येतो. इथे भाव एजंटाच्या कानात आणि माल चार वर्षांनी दिसणार. आणि या दुकानांच्या मालकांत कितीतरी जण आपल्याच मतांवर निवडून गेलेले आहेत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आपल्याच जिल्ह्यातले गाव, नाव सांगत नाही. बापाची पाच एकर भरड जमीन. पोरगा बारावीत गणितात काठावर पास झालेला. एजंटाने सांगितले, "मॅनेजमेंट कोट्यातून बसवून देतो." दोन एकर सावकाराकडे लिहून दिली. पोरगा कॉलेजात गेला, शिकवणे सगळे इंग्रजीत, पहिल्या वर्षी चार विषय राहिले, दुसऱ्या वर्षी तो घरी आला. आयटीआयला जातो म्हणाला. कॉलेज म्हणाले, टीसी आणि मूळ गुणपत्रिका हव्या असतील तर उरलेल्या दोन वर्षांची फी भरा. बाप माझ्याकडे आला तेव्हा त्याचा आवाज फुटत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायची नाहीत. प्रवेशावेळी तपासायची आणि लगेच परत द्यायची. तेवढ्या आधारावर आम्ही एक अर्ज लिहिला, पोच घेतली, एक प्रत विद्यापीठाला पाठवली. पंधरा दिवसांत कागद मिळाले. पोरगा आज इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला आहे. दोन एकर अजून सावकाराकडेच आहेत.

त्या पोरात काही कमी नव्हते. त्याला मोटारपंप उघडता येत होता, स्टार्टर दुरुस्त करता येत होता. दहावीनंतरच त्याला कोणी आयटीआयचा किंवा तंत्रनिकेतनाचा रस्ता दाखवला असता तर? दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि डिप्लोमानंतर गुण असतील तर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. या वाटेने अकरावी-बारावी आणि क्लासचा खर्च वाचतो आणि तीन वर्षांनी हातात काहीतरी असते. पण आपल्याकडे आयटीआय म्हणजे नापासांची जागा, ही समजूत पक्की. गावात मोटार जळली की मात्र त्याच आयटीआयवाल्याच्या दारात चार चकरा मारतो.

आता माल तपासायचा कसा? तुम्ही घरचे सोयाबीन पेरायचे ठरवले तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता आणि किती उगवले ते मोजता. कॉलेजचीही उगवणशक्ती तपासता येते. ज्या दिवशी प्रवेशाचा मेळावा, मंडप आणि वडापाव असतो, त्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी, सकाळी अकरा वाजता, न सांगता जा. पोराला सोबत न्या. वर्गात मास्तर उभा आहे का ते पाहा. प्रयोगशाळेच्या बाटल्यांवर धूळ आहे का ते पाहा. पोरींची संडास-मुतारी पाहा. लाजू नका, तुमची पोर चार वर्षे तिथे राहणार आहे. मग ऑफिसातल्या साहेबाला सोडा आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसा. शेवटच्या वर्षाची पोरे तिथे सापडतात. त्यांना विचारा : "दादा, किती मास्तर आहेत, आणि गेल्या वर्षीचे किती टिकले?" मास्तर दर वर्षी बदलत असतील तर समजा की पगार होत नाहीत.

आणि ते फलक : 'शंभर टक्के प्लेसमेंट'. तिथे तीन प्रश्न विचारायचे. एकूण किती पोरे पास झाली, त्यातली किती लागली, आणि सहा महिन्यांनी किती जण त्याच कामावर होते? त्यांना सांगा, आमच्या भागातल्या पास झालेल्या पाच पोरांशी बोलणे करून द्या. चांगले कॉलेज आनंदाने करून देते. दुसरे कॉलेज तुम्हाला पुन्हा रंगीत पुस्तक देते.

मान्यता तर पाहायचीच. इंजिनीअरिंगला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, डिप्लोमाला महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. नर्सिंगच्या कॉलेजला मान्यतेबरोबर दवाखाना विचारा, आणि त्या दवाखान्यातल्या खाटांवर खरे रोगी आहेत का ते डोळ्यांनी पाहा. रोगीच नसतील तर पोरगी सुई टोचायला कुठे शिकणार?

शेतकीच्या कॉलेजवर जरा जास्त बोलतो, कारण ते माझे घर आहे आणि तुमच्यातल्या निम्म्या बापांच्या मनात तेच आहे. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. त्यांची स्वतःची कॉलेजे आहेत आणि त्यांना जोडलेली पुष्कळ खासगी कॉलेजेही आहेत. पदवी दोन्हीकडे एकच, कागदावर विद्यापीठाचे नाव एकच. फरक शेतावर दिसतो. विद्यापीठाच्या कॉलेजशेजारी संशोधन केंद्रे असतात. नांदेड-४४ हे कपाशीचे वाण तुमच्या बापांनी लावले, ते नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात तयार झाले. अशा ठिकाणी शिकणाऱ्या पोराला संकर कसा करतात, हे फुलावर हात ठेवून शिकता येते. फळ्यावर काढलेल्या फुलात परागकण नसतात.

म्हणून खासगी शेतकी कॉलेज पाहायला गेलात तर इमारत सोडा आणि शेत विचारा. "आमच्याकडे इतके एकर आहे" असे सांगतील. म्हणा, दाखवा. ऑगस्टमध्ये गेलात तर त्या शेतात प्रयोगाचे वाफे पाडलेले दिसले पाहिजेत, वाफ्यावर पाटी, पाटीवर वाण आणि पेरणीची तारीख. तिथे गवत कंबरेएवढे असेल तर तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही कास्तकार आहात. एक शेडनेट आणि चार कुंड्या दाखवून 'आधुनिक शेती' म्हणतील, त्यावर जाऊ नका. आपल्या पोराला कोरडवाहू शिकायचे आहे. ओल कशी धरायची, ज्वारीवर खोडमाशी आली तर काय करायचे, हे शिकवणारा मास्तर तिथे आहे का ते विचारा. शेतकीत कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, विस्तार, अर्थशास्त्र असे वेगवेगळे विषय आहेत. एकच माणूस सकाळी किडे, दुपारी माती आणि संध्याकाळी अर्थशास्त्र शिकवत असेल तर तेही टपरीवर कळते. आणखी एक सोपी युक्ती आहे. चौथ्या वर्षाची पोरे कार्यानुभवासाठी गावात येतात, कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून. त्यांना आपण बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करायला लावतो, फोटो काढतो आणि विसरतो. पुढच्या वेळी आली की त्यांना घरी जेवायला बोलवा आणि त्यांच्या कॉलेजचे सगळे खरे विचारून घ्या.

पण त्याहून मोठी गोष्ट : आपण शेतकरी, म्हणून पोरगा 'अ‍ॅग्री'लाच गेला पाहिजे, हे डोक्यातून काढा. पदवी घेऊन पोरगा शेती सुधारेल असे बापाला वाटते. मी ती पदवी घेतली आहे. शेती तोट्यात आहे ती आपल्याला शेती येत नाही म्हणून नाही. भाव पाडले जातात म्हणून तोट्यात आहे, आणि तो प्रश्न कोणत्याही कॉलेजच्या वर्गात सुटत नाही. बहुतेक अ‍ॅग्रीवाली पोरे पदवीनंतर पुण्याला खोली करतात आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे. तो खर्च आपल्या ८३ क्विंटलांत धरलेलाच नव्हता. ज्याला झाडापिकांची, किड्यांची, मातीची आवड आहे त्याने जरूर जावे. बियाणे कंपन्या, बँका, संशोधन, कृषी सेवा केंद्र असे रस्ते आहेत. ज्याला हिशेब आवडतो त्याने कॉमर्सला जावे. पोरगा शेतीबाहेर गेला तर घराण्याला बट्टा लागत नाही. चार एकरांवर तीन भाऊ बसण्यापेक्षा एक बाहेर पडलेला बरा.

आता मायबहिणींनो, तुमच्याकडे वळतो. पोराला पुणे आणि पोरीला तालुक्याचे बी.ए., हा आपल्या घराघरातला कायदा आहे. पोरीला बारावीत जास्त गुण असले तरी. का, विचारले की म्हणतात, दोघांचे झेपत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला : इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. या मंडपात ८ लाख उत्पन्नाचा माणूस कोण आहे, हात वर करा पाहू! तेव्हा पैशाचे कारण पोरीच्या बाबतीत आता निम्मे उरले. खोली-खानावळीचा खर्च राहतो, आणि अल्पभूधारकांच्या मुलामुलींसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज करा.

पण एक अट नीट ऐका. ही माफी सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यांनाही ती लागू नाही. आजकाल पुष्कळ कॉलेजांच्या नावापुढे 'विद्यापीठ' लागले आहे. नाव मोठे झाले म्हणून हुरळून जाऊ नका, आमच्या मुलीला शुल्कमाफी लागू आहे का, हा पहिला प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. एजंट नेमका या वाटेवरून तुम्हाला बाजूला काढतो, कारण केंद्रीय प्रक्रियेत त्याला दलाली नाही.

त्या प्रक्रियेचा विकल्प अर्ज नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. पासवर्ड कोणाला देऊ नका. कॉलेजांचा क्रम आपल्या मनासारखा लावा, कारण पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर तोच घ्यावा लागतो; मग रडून उपयोग नाही. आणि कागद! उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, चालू वर्षाचे नॉन-क्रिमिलेअर. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. गुण होते, जागा होती आणि वैधता आली नाही म्हणून पोर घरी बसली, असे दर वर्षी पाहतो. शेतकी प्रवेशात शेतकऱ्याच्या पाल्याला सातबाऱ्याच्या आधारे जादा भारांक मिळतो, त्याचा दाखलाही वेळेत काढा. तलाठी भेटत नसेल तर आपल्या शाखेला सांगा, आपण चौघे मिळून जाऊ.

शेवटी कर्ज. पोराच्या शिक्षणासाठी सावकाराकडे जमीन लिहून देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. बँकेने ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नसते. मॅनेजर सातबारा मागू लागला तर म्हणा, साहेब, तसे लिहून द्या. तो लिहून देणार नाही. मात्र व्याजाचा हिशेब करूनच सही करा. समजा दर वर्षी १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि व्याज सरळ १० टक्के. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. पहिला लाख पाच वर्षे, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. व्याज झाले १ लाख ४० हजार. हप्ता सुरू होतो तो ५ लाख ४० हजारांवर, दहा वर्षे, महिन्याला सात हजारांच्या वर. ज्या शिक्षणातून पंधरा हजारांचीच नोकरी लागते असे टपरीवर कळले, त्यासाठी हा हप्ता उचलायचा का, ते घरी बसून ठरवा. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिकण्याच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते अशी योजना आहे; संस्था त्यात बसते का ते आधी विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्ही लागत नाही. त्या संस्थांची यादी असते. एजंटाच्या रंगीत पुस्तकातले कॉलेज त्या यादीत शोधून पाहा.

जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला आपली कार्यकर्ती पोरे टेबल घेऊन बसतील. त्यांच्याकडे कागदांची यादी आहे आणि या वर्षाची माहितीपुस्तिका आहे. ज्यांनी टोकन देऊन ठेवले आहे त्यांनी पावती घेऊन तिथे या. ज्यांना पावती मिळाली नाही त्यांनीही या, एजंटाचा फोन नंबर घेऊन.